समुद्राकडे पाठ करून

सेकंड इयरच्या सहलीत मी मुंबईचे 312 फोटो काढले होते. परवा फोनमध्ये जागा करायला बसले, तेव्हा ते पहिल्यांदा नीट पाहिले. गेटवे ऑफ इंडिया साठेक फोटोंत आहे, पण अख्खा एकातही नाही. कुणाचं डोकं, कुणाचा गॉगल, दोन बोटांचा व्ही आणि मागे कमानीचा एक तुकडा. घारापुरीच्या बोटीतले तर सगळे आमचेच चेहरे. जवळपास तासभर आम्ही समुद्राकडे पाठ करून उभे होतो.

वसमतहून समुद्र काही जवळ नाही. पूर्णेहून देवगिरी धरायची, अख्खी रात्र गाडीत काढायची, तेव्हा कुठे सकाळी सीएसएमटी येतं. आपल्यातल्या कित्येकांनी पहिला समुद्र कॉलेजच्या सहलीतच पाहिलाय. म्हणून जास्त चुटपुट लागते.

सध्या रील्समध्ये क्रूझची हवा आहे. 2018 मध्ये मुंबई-गोवा 'अंग्रिया' सुरू झाली, 2021 पासून 'कॉर्डेलिया' आली. परवडत असेल तर जरूर जा. पण इमारती आणि किल्ले टिपायचे असतील तर एक गंमत लक्षात घ्या. 'अंग्रिया' दुपारी मुंबईहून निघायची आणि सकाळी गोव्यात पोचायची. म्हणजे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग असा बहुतेक किनारा अंधारातच मागे पडायचा. हे तिन्ही किल्ले जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. हजारो रुपयांच्या तिकिटात जे दिसत नाही, ते साध्या लाँचमधून किंवा होडीतून दिसतं. आपल्या खिशाला झेपणारी क्रूझ तीच!

आणि ते पाण्यावरूनच बघायला हवं. गेटवे हा समुद्रातून येणाऱ्याचं स्वागत करायला बांधलेला दरवाजा. 1911 मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी आले तेव्हा कमान उभी नव्हती. जॉर्ज विटेटच्या आराखड्यावरून ती 1924 ला पूर्ण झाली. 28 फेब्रुवारी 1948 ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून जहाजाकडे गेली. आपण मात्र फुटपाथवर उभं राहून तिची मागची बाजू टिपतो.

जलदुर्गांचं तर सगळं कसबच पाण्यावरून कळतं. राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिऱ्याकडे निघालं की समोर नुसती भिंत दिसते. दरवाजा कुठाय? होडी अगदी जवळ गेली की दोन बुरुजांच्या मधे तो सापडतो. 1664 मध्ये बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाचा दरवाजाही असाच बुरुजांच्या आड लपवलाय. हे एका फोटोत मावत नाही. लांबून एक, मधून एक, जवळून एक असे तीन काढा आणि ओळीने लावा. शत्रूच्या गलबताला काय दिसत असेल ते तुम्हालाही दिसेल.

वेळ सकाळचीच धरा. किनाऱ्यावरून या किल्ल्यांकडे जाताना तोंड पश्चिमेकडे असतं, सूर्य पाठीमागे. भिंतीवर ऊन पडतं, दगडाचे सांधे उठून दिसतात. संध्याकाळी त्याच भिंतीची काळी सावली उरते. गेटवेचंही तेच, त्याचं तोंड पूर्वेच्या बंदराकडे आहे. म्हणून घारापुरीची पहिली लाँच गाठा (सोमवारी लेणी बंद असतात) आणि मागच्या टोकाला बसा. सुटल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत कमान आणि बाजूचं ताज हॉटेल एका चौकटीत येतं. मग ते लहान होत जातं आणि संपतं.

हाताने करायचं फार काही नाही. कठड्यावर कोपर टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट फोनमध्ये उतरते. कोपर अंगाशी धरा. ग्रिड चालू ठेवा, नाहीतर समुद्र ताटातल्या वरणासारखा एका बाजूला कललेला दिसतो. झूम करण्यापेक्षा थांबा, बोट जवळ जातेच आहे. खारं पाणी उडतं, तेव्हा लेन्स चष्म्याच्या कापडाने पुसा, ओढणीने नाही (अनुभव आहे). नौदलाच्या जहाजांकडे कॅमेरा नको. ड्रोनचा विचारही नको.

आणि लाइफ जॅकेट. फोटोत वाईट दिसतं म्हणून काढून ठेवणारे आमच्यातही होते. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. त्या बोटीतही लोक फोन हातात धरून व्हिडिओ काढत होते. माणसं गेली. चांगला फोटो दिसला म्हणून सगळ्यांनी एकाच बाजूला धावणं हाही खेळ नाही.

यंदाच्या सहलीच्या याद्या आता लागतील. सरांकडे, मॅडमकडे एवढंच मागा: गेटवेला दुपारी जेवण उरकून नाही, सकाळी पोचायचं. बोटीत पहिली पंधरा मिनिटं सेल्फी बंद. परतीच्या बोटीत हवे तेवढे काढा, तेव्हा ऊन तसंही समोरून येतं.

माझ्या त्या 312 पैकी मी चार ठेवले. एकात मैत्रिणीच्या खांद्यावरून घारापुरीचा डोंगर दिसतोय, तिरका आणि धूसर. बाकीचे तीन आमचेच आहेत.