गाडी लीजवर घ्यायची की विकत? महिन्याच्या भाड्याआड काय दडले आहे, समजून घ्या

डाउन पेमेंट भरायचे नाही, विम्याचे नूतनीकरण लक्षात ठेवायचे नाही, सर्व्हिसिंगचा खर्चही कंपनीचा. दरमहा ठरलेले भाडे द्यायचे आणि दारात नवीकोरी गाडी उभी करायची. लीजिंगच्या जाहिराती साधारण असेच सांगतात, आणि त्यात खोटे काही नसते. मारुती सुझुकीने २०२० मध्ये ‘सबस्क्राइब’ योजना आणली. ह्युंदाई, टोयोटा, किया यांनीही लीजिंगचा मार्ग खुला केला. पूर्वी फक्त बड्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना मिळणारी ही सोय आता पगारदार माणसाला मोबाइलवर फॉर्म भरूनही मागता येते.

जाहिरातीत ठळक अक्षरांत असतो तो महिन्याच्या भाड्याचा आकडा. व्यवहार फायद्याचा की तोट्याचा हे मात्र दुसऱ्याच गोष्टींवर ठरते : आरसीवर नाव कोणाचे, किलोमीटर किती आणि करार संपताना काय होते. त्यातही शेवटचा प्रश्न सर्वात महाग पडू शकतो. सही करताना नेमका तोच कोणी विचारत नाही.

भाड्यात काय काय असते?

लीज म्हणजे दीर्घ मुदतीचा भाडेकरार, बहुधा दोन ते पाच वर्षांचा. सबस्क्रिप्शन हे त्याचेच सुटसुटीत रूप. त्यात मुदत कमी असते आणि बाहेर पडणे तुलनेने सोपे, म्हणून भाडे जास्त. दोन्हींत कंपनी आधीच अंदाज बांधते की मुदत संपताना ही गाडी कितीला विकली जाईल. आजची किंमत आणि ती अंदाजित किंमत यांतला फरक तुमच्याकडून हप्त्याहप्त्याने वसूल होतो. त्यावर अडकलेल्या पैशांचे व्याज, विमा, देखभाल आणि कंपनीचा नफा चढतो.

यातले व्याज किती, हे ग्राहकाला सहसा कळत नाही. कर्जाचे तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँकेला एक माहितीपत्रक द्यावे लागते आणि त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहावा लागतो. लीजच्या कोटेशनवर असा आकडा शोधून सापडत नाही. म्हणून कंपनीला सरळ विचारावे : मुदतीअखेर गाडीची किंमत किती धरली आहे? उत्तर टाळले गेले, तर तेही उत्तरच समजावे.

दुसरी मेख जीएसटीची. गाडी विकत घेताना जो दर लागतो, तोच तिच्या लीजच्या भाड्यालाही लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवर १८ टक्के, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि इलेक्ट्रिक गाड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे. कोटेशनवर ‘भाडे २०,००० अधिक जीएसटी’ असे असेल, तर खिशातून जाणारी रक्कम छोट्या हॅचबॅकसाठी २३,६००, मोठ्या एसयूव्हीसाठी २८,००० आणि इलेक्ट्रिक गाडीसाठी २१,००० होते. ‘अधिक जीएसटी’ हे दोन शब्द किती बारीक टाइपात छापले आहेत, ते पाहण्यासारखे असते.

एक हिशेब मांडून पाहू

पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या कोटेशनमधले आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

ऑन-रोड १२ लाखांची गाडी धरू. २ लाख डाउन पेमेंट, १० लाखांचे कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत चार वर्षे. हप्ता येतो सुमारे २४,९००. चार वर्षांत डाउन पेमेंटसह १३ लाख ९५ हजार जातात. पहिल्या वर्षानंतरचा विमा आणि चार वर्षांची देखभाल यांचे १ लाख ३० हजार धरले, तर एकूण १५ लाख २५ हजार. चार वर्षांनी गाडी ६ लाखांना विकली गेली, तर ती वापरण्याचा निव्वळ खर्च ९ लाख २५ हजार.

हीच गाडी सगळे धरून २६,००० रुपये भाड्याने घेतली, तर ४८ महिन्यांत १२ लाख ४८ हजार जातात आणि शेवटी हातात काही उरत नाही. फरक सव्वातीन लाखांच्या आसपास. डाउन पेमेंटचे २ लाख ठेवीत राहिले असते तर थोडे व्याज मिळाले असते, ते वजा करा. तरीही फरक उरतोच. या हिशेबात लीज स्वस्त ठरायची, तर चार वर्षांची गाडी पावणेतीन लाखांच्या आसपास विकली जावी लागेल. चांगल्या ठेवलेल्या, खप असलेल्या गाडीची अशी दशा सहसा होत नाही.

म्हणजे लीज ही बचत नाही. ती विकत घेतलेली सोय आहे. सोयीला पैसे मोजण्यात गैर काहीच नाही. ते किती मोजतो आहोत, एवढे माहीत असावे. आणि गाडी आठ-दहा वर्षे वापरायची असेल, तर लीजचा विचार न केलेलाच बरा. कर्ज फिटल्यानंतरची वर्षे सर्वात स्वस्त जातात आणि लीजमध्ये ती वर्षे येतच नाहीत.

पाटी पांढरी की काळी?

गोव्यात पर्यटक ज्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या गाड्या स्वतः चालवायला घेतात, त्या भाड्याच्या म्हणून नोंदलेल्या असतात. काही सबस्क्रिप्शन योजनांत अशीच गाडी मिळते. तिची नोंद कंपनीच्या नावावर असते आणि तिला परमिट व फिटनेस प्रमाणपत्राचे नियम लागू होतात. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास फक्त खासगी गाड्यांसाठी आहे, त्यामुळे काळ्या पाटीला तो मिळत नाही. पुणे-सातारा सतत करणाऱ्याने पाटीचा रंग आधी विचारावा.

पांढऱ्या पाटीच्या लीजमध्ये आरसी बहुधा ग्राहकाच्या नावावर निघते आणि तिच्यावर लीजिंग कंपनीच्या हक्काची नोंद असते. याला महाराष्ट्रात एक व्यावहारिक कारणही आहे. व्यक्तीच्या नावावरील १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर ११ टक्के लागतो, कंपनीच्या नावावर तोच २० टक्के. १० लाखांच्या गाडीवर ९० हजारांचा फरक पडतो आणि तो भाड्यातूनच वसूल होणार. परराज्यात नोंदलेली गाडी ‘स्वस्त’ म्हणून देऊ केली, तर सावध राहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार ती बारा महिन्यांहून जास्त काळ महाराष्ट्रात ठेवायची, तर येथे पुन्हा नोंदणी करून घ्यावी लागते.

गाडी तर कंपनीचीच, मग आपली जबाबदारी काय, असा अनेकांचा समज असतो. कायदा तसे म्हणत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येतच लिहिले आहे की लीज करार असलेल्या गाडीबाबत, त्या करारानुसार गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो मालक. गाडी विकण्याचा हक्क कंपनीकडे राहतो, पण चलन, अपघात आणि न्यायालयाची नोटीस यांच्या वेळी कायदा तुमच्याकडे पाहतो.

विम्यात कुठे अडकायला होते?

भाड्यात विमा धरलेला असला, तरी पॉलिसी स्वतः वाचावी. चोरी झाली किंवा गाडी पूर्ण निकामी झाली, तर विमा कंपनी घोषित मूल्याच्या हिशेबाने पैसे देते. हे मूल्य एक ते दोन वर्षांच्या गाडीसाठी २० टक्क्यांनी आणि दोन ते तीन वर्षांच्या गाडीसाठी ३० टक्क्यांनी घटवून धरतात. लीजिंग कंपनीचे येणे त्याहून जास्त असेल, तर वरची रक्कम कोण भरणार? करारात बहुधा ग्राहकाचेच नाव असते. त्यासाठी ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे जादा संरक्षण घेतले आहे का, ते पाहावे.

आरसी कंपनीच्या नावावर असेल, तर मालक-चालकासाठीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा त्या पॉलिसीत मिळत नाही. तो स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. जुनी गाडी विकून लीजवर येणाऱ्याने विमा कंपनीकडून नो-क्लेम बोनसचे प्रमाणपत्र मागून ठेवावे. ते तीन वर्षे चालते. पुढे स्वतःची गाडी घेतली, तर हप्त्यात निम्म्यापर्यंत सूट वाचू शकते.

किलोमीटर आणि ओरखडे

करारात वर्षाची किलोमीटर मर्यादा असते आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरला दंड. ती ठरवताना माणसे फक्त ऑफिस धरतात. रोज ४० किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे वर्षाला ११,५२० किलोमीटर. १२,००० ची मर्यादा पुरेशी वाटते. पण घर कोल्हापूरला असेल आणि वर्षातून चार वेळा पुण्याहून जाणे-येणे झाले, तर आणखी १,८४० किलोमीटर. गणपतीतच हिशेब बिघडला. मर्यादा सुरुवातीला वाढवून घेणे स्वस्त पडते, शेवटी दंड भरणे महाग.

गाडी परत देताना कंपनीचा माणूस ती तपासतो. ‘सामान्य झीज’ चालते, त्यापलीकडच्या नुकसानीचे पैसे कापले जातात. सामान्य झीज म्हणजे नेमके काय, हे करारात लेखी असावे. सोसायटीच्या पार्किंगमधला ओरखडा त्यात बसतो का? टायर किती झिजलेला चालतो? गाडी ताब्यात घेताना आणि परत देताना सगळ्या बाजूंनी, ओडोमीटरसह, व्हिडिओ काढून ठेवावा. सीएनजी किट बसवण्याचा विचार असेल, तर लीजच्या गाडीत तो बहुधा करता येत नाही.

मध्येच सोडायची वेळ आली तर?

लीज घेणाऱ्यांत बदलीची किंवा नोकरी बदलणारी मंडळी बरीच. नेमकी त्यांनाच मुदतपूर्व बाहेर पडण्याची वेळ येते. करारात काही महिने ‘लॉक-इन’ असते आणि नंतरही उरलेल्या भाड्याचा ठरावीक वाटा भरावा लागतो. सही करण्याआधी एकच गोष्ट लेखी मागावी : १२, २४ आणि ३६ महिन्यांनी गाडी परत केली, तर प्रत्येक वेळी किती रुपये द्यावे लागतील, त्याचा तक्ता. फक्त बदलीच्या भीतीने लीज घेणाऱ्यांनी बीएच मालिकेचाही विचार करावा. सरकारी कर्मचारी आणि किमान चार राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिच्यासाठी पात्र असतात. वाहन कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो आणि राज्य बदलले तरी नंबर बदलावा लागत नाही.

लीज नोकरीच्या कंपनीमार्फत असेल, तर गणित बदलते. भाडे पगाराच्या रचनेतून जाते आणि गाडी कामासाठी व घरासाठी अशी दोन्ही वापराची असेल, तर करासाठी तिचे मूल्य प्रत्यक्ष खर्चापेक्षा बरेच कमी, नियमाने ठरवलेले धरले जाते. वरच्या कर-टप्प्यातल्या कर्मचाऱ्याला यात खरोखर फायदा होतो. मात्र पूर्णपणे खासगी वापराच्या गाडीला ही सवलत नाही. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने मूल्याचे चालू आकडे पगार विभागाकडून घ्यावेत. नोकरी सोडल्यास गाडी विकत घ्यावी लागते की करार मोडल्याचा दंड भरावा लागतो, हेही तिथेच विचारावे. स्वतःच्या नावाने लीज घेणाऱ्या पगारदाराला भाड्यावर करसवलत मिळत नाही. व्यावसायिकांना भाड्याचा व्यवसायापुरता भाग खर्चात दाखवता येतो, पण प्रवासी गाडीच्या भाड्यावरील जीएसटीचा परतावा सर्वसाधारणपणे मिळत नाही. विक्रेता तसे सांगत असेल, तर आपल्या सीएला विचारावे.

इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत मात्र लीजची बाजू थोडी भक्कम आहे. जीएसटी कमी असतो आणि पाच वर्षांनी बॅटरीची अवस्था काय, गाडीला गिऱ्हाईक किती, ही चिंता कंपनीच्या अंगावर जाते. त्या जोखमीचे पैसे ती भाड्यातच लावते हे खरे, पण तंत्रज्ञान भराभर बदलत असताना ते मोजणे अनेकांना परवडेल.

गाडी परत दिली, आरसीचे काय?

मुदत संपते, कंपनीचा माणूस किल्ली घेऊन जातो, डिपॉझिट खात्यात येते. पण आरसी अजून तुमच्याच नावावर असते. कंपनी गाडी डीलरला देते, डीलर तिसऱ्याला विकतो आणि हस्तांतराचे कागद कुठेतरी पडून राहतात. अशा गाडीने अपघात केला, तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेला निकाल आठवावा. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांच्या हातात गेली होती, पण आरटीओच्या नोंदीत बदल झाला नव्हता. भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवण्यात आली.

म्हणून गाडी परत देताना तारीख, वेळ आणि ओडोमीटरचा आकडा असलेली ताबा-पावती घ्यावी. हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून देऊ नयेत. समोरच्याचे नाव आणि तारीख भरूनच द्यावेत आणि छायाप्रत ठेवावी. हस्तांतर किती दिवसांत होईल, तोवरच्या चलनांचे पैसे कोण भरेल, हे मूळ करारातच लिहून घ्यावे. फास्टॅग आपल्या खात्याला जोडलेला असेल, तर त्याच दिवशी बंद करावा. त्यानंतर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून पाहत राहावे. तिथे मालकाचे नाव बदललेले दिसेपर्यंत कराराची फाइल कपाटातून काढू नये.