आरोग्यसंवाद : पडद्यावरचा चेहरा

गेल्या महिन्यात एक माता आपल्या १९ वर्षांच्या कन्येला घेऊन सल्ल्यासाठी आल्या. मुलीचा खालचा जबडा पुढे आलेला. वरचे व खालचे पुढचे दात एकमेकांना टेकत नव्हते. जबड्याची शस्त्रक्रिया सुचविण्यात आली होती आणि त्यानंतर चेहरा कसा दिसेल, याचे संगणकाने तयार केलेले चित्र मातोश्रींच्या मोबाईलमध्ये होते. ते पुढे करून त्यांनी विचारले, "डॉक्टर, अगदी असाच चेहरा होईल ना? पुढच्या वर्षी स्थळे पाहायची आहेत."

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी हे चित्र कसे तयार होते, ते पाहू.

पूर्वी शल्यचिकित्सक चेहऱ्याच्या बाजूने काढलेल्या क्ष-किरण चित्रावर पारदर्शक कागद ठेवून जबड्याची रेषा गिरवीत, तो भाग कापून पुढे-मागे सरकवीत आणि ओठ-हनुवटीची नवी रेषा अंदाजाने काढीत. आज सी.टी. स्कॅनवरून हाडांची व त्यांवरील मऊ भागांची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. पडद्यावर हाड कापून हव्या तितक्या मिलिमीटरने सरकविता येते. त्वचा, चरबी व स्नायू यांचे संगणक हजारो सूक्ष्म तुकडे कल्पितो, प्रत्येकाला ठरावीक लवचिकता देतो आणि खालचे हाड हलल्यावर हे सारे तुकडे कोठे स्थिरावतील, याचे गणित मांडतो.

अडचण येथेच आहे. हाड टणक असते; ते ठरविल्याप्रमाणे बसविता येते. परंतु जिवंत माणसाच्या त्वचेची व स्नायूंची लवचिकता सहजासहजी मोजता येत नाही. म्हणून बहुधा सरासरी आकडे वापरावे लागतात. हनुवटीवरील त्वचा हाडाबरोबर जवळजवळ तितकीच सरकते, त्यामुळे तेथील अंदाज बराच जुळतो. ओठांचे तसे नाही. ते दातांवर टेकलेले असतात, एकमेकांना स्पर्श करतात आणि स्नायूंच्या ताणाने आकार घेतात. म्हणून सर्वाधिक चूक ओठांपाशीच होते.

शिवाय काही गोष्टी या चित्रात दिसतच नाहीत. शस्त्रक्रियेनंतरची सूज बरीचशी काही आठवड्यांत ओसरते. पण चेहरा पूर्ण स्थिरावण्यास सहा महिने ते एक वर्ष लागू शकते. खालच्या जबड्यातून जाणाऱ्या मज्जातंतूला ताण बसून ओठ व हनुवटी काही काळ बधिर राहतात. काही रुग्णांत ही बधिरता कायमही राहते. चित्र बहुधा स्थिर चेहऱ्याचे असते, हसऱ्या चेहऱ्याचे नव्हे.

म्हणून चित्र जरूर पाहावे, मात्र "यातील कोणता भाग खात्रीचा व कोणता अंदाजाचा?", "जबड्याची वाढ पूर्ण झाली आहे ना?" आणि "बधिरतेची शक्यता किती?" हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

मी मातोश्रींना म्हणालो, "साधारण असा होईल, अगदी असाच होईल असे वचन कोणी देऊ नये." त्या गप्प झाल्या. तेव्हा इतका वेळ मुकाट बसलेल्या मुलीने विचारले, "मला पुढच्या दातांनी भाकरी तोडता येईल का?" तिचा हा प्रश्न त्या चित्रापेक्षा मोलाचा होता. दातांची मिळणी आधीच आखता येते, त्यामुळे त्याचे उत्तर मला अधिक विश्वासाने देता आले. निर्णयासाठी त्यांनी थोडा अवधी मागितला. पुढच्या भेटीत प्रश्न मुलीनेच विचारावेत, असे मी सुचविले आहे.