अभयारण्यातही आपला हक्क आहे



पनवेल सोडून मुंबई-गोवा हायवेला लागलं की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. त्याच्या उतारावरचं जंगल १९६८ साली पक्षी अभयारण्य झालं. पुढे वाढवलं, तरी सगळं मिळून सुमारे १२ चौरस किलोमीटर. रविवारी शहरातली माणसं तिकीट काढून पाखरं बघायला येतात. खुशाल येऊ देत.

पण याच जंगलातून हायवे जातो, आणि तो रुंदही केला. गाड्यांच्या भोंग्यानं पाखरं भीत नाहीत, अन् ठाकर-कातकरी बाईच्या डोक्यावरच्या मोळीनं भितात, असं कसं?

"अभयारण्यात वनहक्क कायदा चालत नाही," असं सांगून कुणी आपल्याला परत पाठवलं तर ऐकू नका. ते खोटं आहे. २००६ च्या कायद्यात वनजमीन म्हणजे काय ते लिहिलंय, आणि त्यात अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान दोन्ही येतात. कलम ४(५) म्हणतं, दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला जमिनीवरून उठवता येत नाही. वन्यप्राण्यांसाठी गाव हलवायचं म्हटलं तरी आधी हक्क मान्य करायचे, मग ग्रामसभेची लेखी संमती घ्यायची.

आमचं म्हणणं एवढंच, की नुसत्या प्लॉटवर थांबू नका. दळीचा तुकडा नावावर झाला आणि डोंगर दुसऱ्याच्या ताब्यात राहिला, तर सरपण, कंद, पाला कुठून आणणार? म्हणून वैयक्तिक दाव्याबरोबर नमुना 'क' भरून सामूहिक वनाचा दावा करा. तो मिळाला की जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेचा. शिकारीला मात्र हा कायदा हक्क देत नाही. ते आपणही पाळायचं.

दाव्याला एकाहून जास्त पुरावे लागतात. जुन्या दळीच्या पावत्या शोधा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. बांध, विहीर, देवाची जागा, मसणवट दाखवून पंचनामा करा. दावा दिला की पोच घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांत अपील करा. तोंडी "नाही" म्हणजे निकाल नव्हे.

जंगल राखायचं, तर राखणदाराला हाकलून कसं चालंल?