चहाचा कप, प्रभूचा प्याला

आज २६ जून, शाहू जयंती. कोल्हापूरच्या दसरा चौकात सकाळपासून गर्दी आहे. शाळांची पोरं ओळीनं येतील, महाराजांच्या पुतळ्याला हार चढतील, भाषणं होतील. ज्याला भाषणं ऐकायची नसतील त्यानं चौकात उभं राहून नुसती नजर फिरवली तरी राजर्षी शाहू कळायला लागतात. इकडे मुस्लिम बोर्डिंग, तिकडे जैन बोर्डिंग, आणि शहरभर पसरलेली इतर वसतिगृहं. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं. त्या वसतिगृहांच्या यादीत ख्रिस्ती मुलांसाठीच्या इंडियन ख्रिश्चन होस्टेलचंही नाव आहे. सरकार हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतं. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही येत्या रविवारी महाराजांसाठी उपकारस्तुतीचे चार शब्द बोलले जातील. ते बोलण्याआधी महाराजांची फूटपट्टी आपण स्वतःला लावून पाहावी, यासाठी हा लेख.

कोल्हापूरची मंडळी तशी महाराजांहून वयानं मोठी. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथं आले, शाहू महाराजांचा जन्म १८७४ चा. वाइल्डर यांच्या नावाचं चर्च न्यू शाहूपुरीत आजही उभं आहे. त्या काळात या शहरात कोणी कुणाच्या हातचं पाणी प्यावं याचे नियम दगडी होते आणि मंडळीत येणाऱ्या माणसाची पहिली कसोटी तीच असे. प्रभुभोजनाच्या वेळी दुसऱ्या जातीच्या माणसानं ओठ लावलेला प्याला आपण ओठांना लावणार का? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली त्यांना ठाऊक आहे की १९०० मध्ये बाप्तिस्मा घेण्याआधी त्या बाईनं किती वर्षं स्वतःशी भांडण मांडलं होतं, आणि सोवळं मनातून गेल्यावर ते किती स्वच्छपणे गेलं. ती कसोटी आपल्या आज्या-पणज्यांनी पार केली. त्याचा अभिमान बाळगायलाच हवा.

महाराजांची कसोटीही प्याल्याचीच होती. राजवाड्याच्या चाकरीतल्या गंगाराम कांबळे यांनी पाण्याला हात लावला म्हणून तिथल्याच सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चहाचं दुकान घालून दिलं. मग आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवून ते चहा मागवायचे, बरोबरच्या सरदार-अंमलदारांनाही पाजायचे. कोल्हापुरात ही गोष्ट पोराटोरांना पाठ आहे. पण महाराज चहापाशी थांबले नाहीत, आणि आपण बहुतेक वेळा गोष्ट तिथंच संपवतो. त्यांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या जातींसाठी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. महारांना तलाठी नेमलं. अस्पृश्य समाजातल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या. चहा पाजणं म्हणजे माणसाला आपल्या बाकावर बसवणं, आणि सनद देणं म्हणजे त्याला बोलायला उभं करणं. आपल्या मंडळ्या बाकापर्यंत पोचल्या, पण बोलण्यापर्यंत पोचल्या का?

पंगत पाहुण्यालाही मिळते. घरच्या माणसाची खूण वेगळी. तो स्वयंपाकघरात जातो, हातात पळी घेतो, मीठ कमी आहे असं तोंडावर सांगतो आणि उद्या काय शिजवायचं यात त्याला विचारलं जातं. उपासनेला सगळे येतात म्हणून आपली मंडळी सर्वांची आहे, असं आपण म्हणतो तेव्हा पाहुणा आणि घरचा यांची गल्लत करतो.

ही गल्लत कुठं कुठं होते ते पाहू. सगळ्यात अवघड जागा आधी, जातीची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेर राहिले. याविरुद्धची याचिका २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोगही नेमला गेला. न्यायालयात आपल्या बाजूचा युक्तिवाद काय आहे? धर्म बदलला तरी जात सुटत नाही, गाव ती विसरत नाही, भेदभाव चालूच राहतो. हा युक्तिवाद खरा आहे आणि या मागणीला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण रविवारी पुलपिटावरून आपण काय ऐकतो? आमच्यात जात नाही. ही दोन वाक्यं एकाच तोंडून निघतात. सोयरीक जुळवताना मूळ गाव कुठलं, आजोबा कोण, हे आडून विचारलं जातं तेव्हा तो प्रश्न कशासाठी असतो हे विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. मंडळीच्या निवडणुकीत कोणाची माणसं कोणाच्या बाजूला गेली याचा हिशेब मांडताना जी नावं पुटपुटली जातात, ती बाप्तिस्म्याची नावं नसतात.

अरविंद निर्मळ हे मराठी मुलखातून आलेले ईशज्ञानी. त्यांनी १९८१ मध्ये बंगळूरमध्ये शूद्रांच्या ईशज्ञानाचा विषय मांडला आणि त्यातून पुढं दलित ईशज्ञानाची वाट निघाली. मंडळीतली बहुसंख्य माणसं ज्या दुःखातून आली, त्या दुःखाला तिच्या शिकवणीत जागाच नव्हती, हे त्यांचं म्हणणं. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं २०१६ मध्ये धोरण जाहीर करून चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे लेखी कबूल केलं. कबुलीनं रोग बरा होत नाही, पण नाडी तरी हाती लागते. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनी अशी कबुली द्यायला कचरण्याचं कारण नाही. तिनं पूर्वजांची अब्रू जात नाही, त्यांनी अर्ध्यावर आणून ठेवलेलं काम पुढं जातं.

आता बायकांचं. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी गेले आणि त्याच्या एकच महिना आधी, ५ एप्रिलला, पंडिता रमाबाई गेल्या. महाराजांची जयंती आपण गावासोबत करतो. रमाबाईंची आठवण मात्र महिला मंडळाच्या सभेपुरती ठेवतो, हेच पुरेसं बोलकं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असं निघालं, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईच्या विद्वत्तेपुढं कलकत्त्याच्या पंडितांनी मान लववून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तिनं पुरुषांना शिकवणं चर्चला झेपलं नाही. रमाबाईंनी पत्रांतून स्पष्ट कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं फेकून दिल्यावर दुसऱ्याचं मानेवर घ्यायची आपली तयारी नाही. त्यांनी प्रभूला सोडलं नाही, आणि चर्चच्या अधिकाऱ्यांसमोर मान खालीही घातली नाही. पुढं केडगावच्या मुक्ती सदनात बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणलं, कारण खेड्यातल्या बायांना जडजंबाल भाषेतलं वचन कळत नव्हतं. ते छापायला खिळे जुळवणाऱ्या हातांत मुक्तीच्या मुलींचे हात होते. वचन सर्वांना कळावं म्हणून एका बाईनं आयुष्याची शेवटची वर्षं घातली, आणि शंभर वर्षांनंतरही ते वचन पुलपिटावरून फोडून सांगायला बाई उभी राहिली की आपल्यातले काही वडील घड्याळाकडं बघतात.

बाहेर वारं बदललं आहे. दक्षिण भारताच्या मंडळीनं २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना बिशप केलं. १९७० मध्ये नागपुरात ज्या उत्तर भारताच्या मंडळीची स्थापना झाली आणि जिच्यात आपलं कोल्हापूर धर्मप्रांत आहे, तिनं २०२२ मध्ये व्हायोलेट नायक यांच्या रूपानं पहिली बाई बिशपपदी बसवली. पण बिशप दूर असतात. आपल्या पास्टोरेट कमिटीत किती बाया आहेत, आणि खजिन्याची किल्ली त्यांच्यातल्या एकीकडं तरी कधी आली होती का, ते पाहायला हवं.

इथं महिला मंडळाविषयी थोडं सांगणं भाग आहे, कारण या मुद्द्यावर भल्याभल्यांचा गोंधळ होतो. वेगळं मंडळ, वेगळा तरुण संघ, वर्षातून एकदा दिव्यांगांसाठी वेगळी उपासना, याला सामावून घेणं म्हणायचं की बाजूला काढणं? उत्तर महाराजांच्याच कामात आहे. त्यांनी जातवार वसतिगृहं उभारली, आणि त्याच महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सरकारी शाळांत सर्वांच्या शेजारी बसवलं. वसतिगृह वेगळं चालेल, शाळा वेगळी चालणार नाही. वसतिगृहातून मुलगा सकाळी निघतो आणि सर्वांच्या वर्गात जातो, म्हणून ती शिडी होते. वेगळी शाळा कुठंच नेत नाही, म्हणून ते कुंपण होतं. महिला मंडळातली बाई पुढं कमिटीत, पुलपिटावर, धर्मप्रांताच्या सभेत पोचत असेल तर मंडळ ही शिडी आहे. वर्षानुवर्षं तिच्या वाट्याला नाताळाचा फराळ आणि पाहुण्यांचे हारच येत असतील, तर ते कुंपण आहे, मग त्याला कितीही गोड नाव द्या.

अपंगांच्या बाबतीत आपली अडचण दगडातच दिसते. जुनी चर्च उंच जोत्यावर बांधलेली. पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून घरीच उपासना ऐकणारी म्हातारी माणसं प्रत्येक मंडळीत आहेत. पाळकसाहेब घरी जाऊन त्यांना प्रभुभोजन देतात, ते योग्यच. पण उताराची वाट बांधायचा ठराव पुढच्या वर्षावर जातो आणि रंगरंगोटीचा त्याच बैठकीत मंजूर होतो, हे आम्ही एका मंडळीत बसून पाहिलं आहे, आणि त्या दिवशी गप्प राहिलो होतो. रमाबाईंनी अंध बायांसाठी बार्तीमी सदन उभारलं, तिथं ब्रेल शिकवलं. यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्या बार्तीमयाला गप्प करणारे लोक येशूच्या मागं चालणारेच होते, हे शुभवर्तमान वाचताना आपण फार झरकन ओलांडतो.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत लांबच्या राज्यांतून आलेली पोरं काम करतात. त्यांच्यातले ख्रिस्ती नाताळाला चर्चमध्ये येतात, मागच्या बाकावर बसतात, ‘उपासना संगीता’तली गीतं त्यांना येत नाहीत, आणि बाहेर पडल्यावर नाव विचारायलाही कोणी थांबत नाही. हे तरी लगेच सुधारता येईल.

आणि एक माणूस असा आहे ज्याच्याविषयी आपण बोलतच नाही. आपल्याच जिल्ह्यात साडी नेसून, रेणुका देवीचा जग डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या जोगत्यापुढं लोक हात जोडतात. त्या प्रथेत शोषण आहे, ते झाकू नये. पण तिथं त्या माणसाला एक जागा तरी आहे. आपल्या घरात जन्मलेलं, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ म्हणणारं मूल वाढत्या वयात वेगळं दिसू लागलं की आधी त्याचं गाणं बंद होतं, मग येणं. सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांना २०१४ मध्ये ओळख दिली, समलिंगी माणसांवरचा गुन्ह्याचा शिक्का २०१८ मध्ये पुसला. पवित्र शास्त्राचा अर्थ लावताना मंडळीत मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत, हे आम्ही मानतो. तरी एवढं निश्चित, की बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्या मुलाचं नाव आपणच लिहिलं, आणि सांभाळण्याची शपथ उभं राहून आपणच घेतली. त्या शपथेत अट घातलेली आम्हाला आठवत नाही.

करिंथच्या मंडळीतही हेच झालं होतं. सुखवस्तू लोक लवकर येऊन जेवून घेत, राबून उशिरा येणाऱ्यांना रिकामी भांडी मिळत, आणि पौलानं मंडळीला साफ कळवलं की हे प्रभूचं भोजनच नव्हे. राबणाऱ्यांचा उशीर कष्टाचा होता. आपल्याकडं तीच गोष्ट वर्गणीच्या रूपात येते. वर्गणी थकली की मतदार यादीतून नाव कमी होतं. धुणीभांडी करणारी बाई, बंद पडलेल्या कारखान्यातला कामगार, मुलांनी टाकलेली म्हातारी यांची वर्गणी थकते. मंडळी चालवायला पैसा लागतो, नियम लागतात, मान्य. पण ज्याला मदत करायची त्याचंच मत काढून घेणारा नियम प्रभूच्या मेजाशी कसा जुळवायचा, हे कोणीतरी समजावून सांगावं.

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या वार्षिक सभेत निवडणुकीआधी यादी वाचावी. मतदारांची नको, सगळ्यांची. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ज्यांची नावं आहेत आणि जे हयात आहेत ते सारे: वर्गणी थकलेले, पायऱ्या न चढू शकणारे, भांडून गेलेले, ज्यांच्याविषयी विचारायचं आपण सोडून दिलं ते, आणि ज्यांची नावं अजून कुठल्याच वहीत नाहीत ती फौंड्रीतली पोरं. प्रत्येक नावानंतर थोडं थांबावं आणि हा माणूस आज कुठं आहे हे कोणाला ठाऊक आहे का, असं विचारावं. मोठ्या मंडळीत याला दोन तास लागतील. चहा त्यानंतर ठेवावा.