भट्टी घरी नको, शाळेत हवी



एक रिकामे लोखंडी पिंप, त्याला आतून लावायला सिरॅमिक तंतूंचे जाड घोंगडे, एक बर्नर आणि प्रोपेन वायूची टाकी. एवढ्या चार वस्तू जमवल्या की मातीची भांडी भाजण्याची भट्टी तयार! अमेरिकेत व इंग्लंडात अनेक हौशी लोक घराच्या परसात अशा भट्ट्या बांधतात. त्यांच्या चित्रफिती तुमच्यापैकी काहींनी पाहिल्याही असतील. पाच मिनिटांत पिंपाला भोक पडते, बर्नर पेटतो, आतला भाग लालभडक होतो आणि झाकण उचलताच सुंदर वाडगे बाहेर येतात. आपणही असे काही करावे, असे ते पाहून वाटले तर त्यात वावगे काहीच नाही.

माझे मत मात्र असे आहे, की ही भट्टी तुम्ही घरी बांधू नये; आणि तुमच्या शाळेने ती अवश्य बांधावी. यातले पहिले वाक्य तुमच्या आईवडिलांना आवडेल, दुसरे मुख्याध्यापकांना कदाचित आवडणार नाही. म्हणून दोन्हींची कारणे सांगितली पाहिजेत.

त्या पाच मिनिटांच्या चित्रफितीतून आठ-दहा तास कापून टाकलेले असतात, आणि खरे विज्ञान नेमके त्या कापलेल्या तासांत आहे. उन्हात वाळवलेले मडके हाताला खडखडीत कोरडे लागते; तरी त्यात पाणी असतेच, आणि तेही दोन प्रकारचे. पहिले मातीच्या कणांच्या फटींत अडकलेले. तपमान १०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्याची वाफ होते. एक घनसेंटिमीटर पाण्याची वाफ सुमारे १,७०० घनसेंटिमीटर जागा मागते. ती हळूहळू बाहेर पडली तर ठीक; घाईने तापवले तर मडक्याचा जाड बूड फटाक्यासारखा फुटतो आणि शेजारच्या चार भांड्यांनाही घेऊन जातो.

दुसरे पाणी मातीच्या रेणूंतच बांधलेले असते. शुद्ध केओलिन मातीच्या १०० ग्रॅममध्ये ते जवळजवळ १४ ग्रॅम भरते! साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान ते निघून जाते आणि माती कायमची बदलते. कच्चे मडके पाण्यात ठेवले तर रात्रीतून त्याचा चिखल होतो. हे पाणी गमावलेल्या मडक्याचा चिखल पुन्हा कधीच होत नाही. पुढे ५७३ अंशांवर आणखी एक गंमत होते. मातीतल्या वाळूमध्ये क्वार्ट्‌झ असते. त्याच्या स्फटिकांची रचना या तपमानाला एकदम बदलते व ते किंचित फुगतात. थंड होताना त्याच ठिकाणी ते पुन्हा आकसतात. म्हणून भट्टी विझवल्यावर उतावळेपणाने झाकण उघडणाऱ्याची भांडी, भाजणी उत्तम होऊनही, तडकतात. पुढे ९०० ते १,००० अंशांच्या आसपास कण एकमेकांना चिकटू लागतात आणि आपली गाडगी-मडकी, पणत्या, कौले पक्की होतात. लोणच्याच्या बरण्यांची माती याहून तापवावी लागते, १,२०० अंशांच्याही वर. तेव्हा तिच्यातला काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि भांडे पाणी पाझरू देत नाही.

आता आपल्या कुंभाराच्या आव्याकडे पाहा. गोवऱ्या, लाकूड, भुसा, पालापाचोळा यांत मडकी रचून वर राखेचा थर देतात. ‘कुंभाराची सून उकिरड्यावर येणारच’ ही म्हण उगीच पडलेली नाही. आव्यासाठी लागणारी राख आणि केरकचरा तिथेच मिळे! हे जळण मुळातच सावकाश पेट घेते. त्यामुळे आव्यात सावकाशपणा आपोआप येतो. शिवाय कुंभार मातीत राख, वाळू किंवा घोड्याची लीद मिसळतो. लीद जळून गेली की तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात आणि वाफेला वाट मिळते. रसायनशास्त्राच्या पुस्तकात न पाहता साधलेली ही रचना आहे.

गॅसचा बर्नर याच्या अगदी उलट वागतो. त्याची चावी पूर्ण उघडली तर लहान भट्टीचे तपमान झपाट्याने चढते. जळणाने दिलेला सावकाशपणा इथे माणसाने स्वतः आणावा लागतो, आणि तो आणायचा तर तपमान मोजता आले पाहिजे. घरगुती भट्ट्या बांधणारे पुष्कळ जण पिंपावर आणि बर्नरवर पैसे खर्च करतात, पण मोजण्याच्या साधनावर करत नाहीत. माझ्या मते ती भट्टी नव्हे, ती महागडी शेकोटी.

मोजण्याचा हा प्रश्न मोठ्या कारखानदारांनाही छळत होता. इंग्लंडातील प्रसिद्ध मृत्पात्र-कारखानदार जोसाया वेजवुड याने १७८२ साली एक युक्ती काढली. मातीचे लहान तुकडे भट्टीत ठेवायचे आणि ते किती आकसले यावरून भट्टी किती तापली ते ठरवायचे. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला आपला सदस्य करून घेतले. त्याने काढलेले मोठ्या तपमानांचे आकडे पुढे फारच फुगलेले ठरले. पण आजच्या भाजणीची कालच्या भाजणीशी तुलना करायला युक्ती चोख होती. १८८६ साली जर्मनीत हेरमान झेगर याने ठराविक मिश्रणांचे शंकू तयार केले. ठराविक भाजणी झाली की शंकूचे टोक वाकते. गंमत अशी, की हा शंकू नुसते तपमान सांगत नाही, तपमान आणि वेळ यांचा एकत्र परिणाम सांगतो. भात मंद आचेवर जास्त वेळ ठेवला तरी शिजतोच, तसेच हे आहे. आज दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला थर्मोकपल वापरून तपमानाचा आकडा थेट वाचता येतो. आणि भाजून झाल्यावर? तेव्हा गोरोबाकाकांची परीक्षा आहेच. थापटण्याने एकेका संताच्या डोक्यावर मारून त्यांनी कच्चे कोण, पक्के कोण ते ठरवले आणि नामदेव कच्चे निघाले, ही कथा तुम्हाला माहीत असेलच. पक्क्या मडक्याचा खणखणीत नाद आणि कच्च्याचा बद्द आवाज यांत कणांच्या जोडणीचा फरक असतो. तडा गेलेले मडकेही बद्दच वाजते.

आता ज्वालेकडे वळू. एक घनमीटर प्रोपेन पूर्ण जळायला पाच घनमीटर ऑक्सिजन लागतो, म्हणजे जवळजवळ २४ घनमीटर हवा. प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नर आणि भट्टीचा बर्नर यांचे तत्त्व एकच: बारीक छिद्रातून वेगाने निघणारा वायू आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. हवा पुरेशी असेल तर कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. एक किलो प्रोपेन जाळले की सुमारे तीन किलो कार्बन डाय-ऑक्साइड आणि दीड किलोहून अधिक पाणी! हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ऑक्सिजनची भूक असते आणि ती तो मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडवर भागवतो. तांबूस ऑक्साइडातला काही ऑक्सिजन निघून गेला की माती करडी-काळी होते. एकाच मातीचे मडके हवेच्या कमीजास्त पुरवठ्याने लाल किंवा काळे निघते, ते असे. धूर कोंडला तर काजळीचा काळेपणा त्यात आणखी भर घालतो.

आपल्याकडच्या लोकांना हे फार पूर्वी साधले होते. विदर्भातल्या नायकुंड, माहुरझरी येथील महापाषाणयुगीन लोकांची भांडी आतून काळी, बाहेरून लाल आहेत. ती उलटी ठेवून भाजली असावीत, असे मानले जाते. प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून ओळखली जाणारी भांडी तीन हजार वर्षांपूर्वीची. पण इतकी पक्की भाजलेली, की त्यांचा नाद धातूसारखा येतो. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात (१९६८ ते १९८३) त्या काळातली कुंभाराची भट्टीही सापडली. ही भांडी पुढे-मागे वस्तुसंग्रहालयात पाहाल तेव्हा हवेच्या पुरवठ्याचा विचार जरूर करा.

पण हाच कार्बन मोनॉक्साइड माणसाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनलाही चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅलरीत, गच्चीवरच्या खोलीत किंवा पडवीत भट्टी पेटवणाऱ्याला तो आला हे कळतदेखील नाही. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरून गटारात, जिन्याखाली साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेनबरोबर ब्यूटेनही असतो. तो तर हवेच्या दुप्पट जड. शिवाय स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा सिलिंडर असल्या कामाला वापरणे नियमबाह्य आहे. भट्टीला वायू भराभर लागतो. द्रवाचे बाष्पीभवन जोरात झाले, की सिलिंडर गार पडून त्यावर दव, कधी हिमकणही धरतात आणि वायूचा दाब उतरतो. अशा वेळी काही लोक सिलिंडर शेकायला निघतात. याहून मोठा अविचार नाही.

बांधणीतले धोकेही थोडे नाहीत. जुन्या पिंपात रंगाचे किंवा तेलाचे अवशेष असतील, तर ते कापतानाच स्फोट होऊ शकतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापला की त्यातून जस्ताचा धूर निघतो व ताप भरतो. सिरॅमिक तंतूंची धूळ फुप्फुसांत जाणे वाईट. कर्करोगाचा संशय असलेल्या पदार्थांत त्या तंतूंची गणना होते. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळू कालवून भट्टीचे अस्तर करा, असाही सल्ला दिला जातो. तो मुळीच ऐकू नका. प्लास्टरमधले पाणी निघून गेल्यावर ते ठिसूळ होते आणि एवढ्या आचेला टिकत नाही.

‘म्हणूनच आमच्या शाळेत असले काही नको’, असे मुख्याध्यापक म्हणतील. हे मला मान्य नाही. प्रयोगशाळेच्या कपाटात तीव्र सल्फ्युरिक आम्लाची बाटली असतेच ना? तिच्या भीतीने आपण रसायनशास्त्र बंद केले नाही; तिच्यासाठी नियम केले. घरात जे धोके आवरता येत नाहीत, ते शाळेच्या मोकळ्या मैदानाच्या कोपऱ्यात आवरता येतात. भट्टी उघड्यावर, माहितगार कारागिराकडून उच्चतापसह विटांची बांधून घ्यावी. सिलिंडर व्यावसायिक वापराचा, उभा, भट्टीपासून दूर असावा. ज्योत विझताच वायू बंद करणारी झडप हवी. सांधे दर वेळी साबणाच्या पाण्याने तपासावेत. चावीला हात शिक्षकांचाच. सुरुवातीची एक-दोन वर्षे भांड्यांना झिलई देऊ नये. दिली तर शिशाची कधीच नव्हे. चिंच, लिंबू यांच्या आम्लात शिसे उतरते आणि पोटात जाते.

‘मग विजेची भट्टी का नको?’ असे कोणी विचारील. ज्या शाळेला परवडेल तिने ती खुशाल घ्यावी, ती सांभाळायला सोपी आहे. पण तिच्यात ज्वाला नाही. हवा कमी केली, की मातीचा रंग कसा पालटतो, हे विजेच्या भट्टीत एरवी दिसत नाही, आणि ज्वलनाचा धडा तर तिथेच आहे.

चावीला हात लावायचा नाही, तर विद्यार्थ्यांनी करायचे काय? दर १५ मिनिटांनी तपमान टिपायचे, वेळ आणि तपमान यांचा आलेख काढायचा, तो १०० अंशांपाशी आणि ५७३ अंशांपाशी फार उभा होऊ लागला की शिक्षकांना सांगायचे. खरे काम तेच आहे. आणि भट्टीजवळ मुख्य आसन गावातल्या कुंभाराला द्यावे, मानधनासह. माती कोणती, वाळू किती, भांडे सुकले की नाही, हे त्याला जितके कळते तितके आपल्या पुस्तकांतून कळत नाही. त्याचाही यात लाभ आहे. मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात आवे पेटवायला कापडाच्या व सुताच्या चिंध्या वापरतात. त्या धुराचा त्रास आधी कुंभारांच्याच घरांना होतो. गॅसचा खर्च एकट्या कुंभाराला झेपत नाही. शाळेच्या भट्टीवर त्याला आपल्या मातीची भाजणी अजमावून पाहता येईल.

शाळा तयार होईपर्यंत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. गावातल्या कुंभारकाकांकडून मळलेली माती मागून घ्या. तिच्या बोटभर जाडीच्या सहा पट्ट्या करा आणि ओल्या असतानाच प्रत्येकीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ सुईने ओढा. सावलीत आठवडाभर सुकू द्या. मग रेघ पुन्हा मोजा, पट्ट्यांचे वजन करा. काकांनी पुढचा आवा लावला, की तीन पट्ट्या मधोमध आणि तीन कडेला ठेवायला त्यांना सांगा. दिवाळीच्या तोंडावर मात्र जाऊ नका, पणत्यांच्या घाईत त्यांना बोलायला सवड नसते. भाजून आलेल्या पट्ट्यांची लांबी आणि वजन पुन्हा टिपा, थापटून नाद ऐका. मधल्या आणि कडेच्या पट्ट्यांत किती फरक पडला ते वहीत मांडा, आणि ती वही घेऊन मुख्याध्यापकांकडे भट्टी मागायला जा.