थर्मोस्टॅटचा आकडा आणि आपले ऊन

घाटात बॉनेट उघडून उभी राहिलेली फियाट एके काळी कोणालाच नवी नव्हती. गॅरेजमधला उपायही ठरलेला असे: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढायचा आणि पाणी ‘डायरेक्ट’ करायचे. हा भाग थंड देशांसाठी असतो, आपल्या उन्हात त्याचे काम काय, हे म्हणणे मालकालाही पटे. इतिहास मात्र उलटी साक्ष देतो.

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला थर्मोस्टॅट नव्हता, आणि सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी वर चढते, गार खाली उतरते, एवढ्यावर तिचे भागत होते. पुढे थर्मोस्टॅट रुळला. त्या काळी अमेरिकेत हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून रेडिएटरमध्ये अल्कोहोल घालत. मिथेनॉल पाण्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला उकळते, त्यामुळे ते उडून जाऊ नये म्हणून थर्मोस्टॅट ७१ अंश सेल्सिअसचा किंवा त्याहूनही खालचा बसवावा लागे. म्हणजे कडाक्याच्या थंडीत कमी अंशांचा थर्मोस्टॅट! इथेच हवामानाचा सिद्धान्त कोलमडतो.

अल्कोहोलच्या जागी सहज न उडणारे इथिलीन ग्लायकोल आले तशी ही अडचण संपली आणि ८२ अंश परवडू लागले. दाब धरणाऱ्या झाकणामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू आणखी वर गेला. पण भात्यासारखा फुगून उघडणाऱ्या जुन्या थर्मोस्टॅटला हा दाब मानवेना. सर्गियस व्हर्नेट यांनी १९३०च्या दशकात मेणाची कुपी वापरून तो प्रश्न सोडवला. मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. दाबाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. आजही बहुतेक गाड्यांत हीच युक्ती आहे. १९७०च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्यानंतर धुरातले न जळलेले इंधन कमी करण्याची सक्ती आली आणि ९० अंशांच्या आसपासचे थर्मोस्टॅट सर्रास झाले.

या साऱ्यात एक साधी गोष्ट झाकली जाते. थर्मोस्टॅटवरचा आकडा म्हणजे झडप उघडायला सुरुवात होते तो अंश. इंजिन त्यापुढे तापणार नाही अशी हमी नव्हे. चढावर पाणी शंभरीकडे निघाले की ७१चा काय आणि ८८चा काय, दोन्ही पूर्ण उघडलेले असतात. तिथून पुढे काम रेडिएटरचे, पंख्याचे आणि पंपाचे. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटर चोंदला असेल तर कमी अंशांचा थर्मोस्टॅट काय करणार? काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट उघडीच राहते, आणि थोडे पाणी रेडिएटरला न शिवता फिरत राहून गाडी उलट जास्त तापते.

न तापणाऱ्या इंजिनाचे नुकसान आवाज करत नाही. थंड सिलिंडरच्या भिंतींवर ओल आणि आम्ल साचून झीज होते, ऑइलमध्ये गाळ धरतो. हल्लीच्या गाडीत संगणक इंजिन थंडच समजून पेट्रोल जास्त सोडतो, मायलेज घसरते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. काही गाड्यांत तर विजेवर नियंत्रित होणारा थर्मोस्टॅट आहे: सपाट रस्त्यावर पाणी शंभरीपार ठेवायचे, जोर लागला की खाली आणायचे.

तेव्हा कंपनीने जो अंश दिला आहे तोच घ्यावा. जुन्या थर्मोस्टॅटबद्दल शंका असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात सोडून, थर्मामीटर लावून गॅसवर ठेवावा. आकड्याच्या आसपास उघडला, तर दोष दुसरीकडे शोधावा.