सहशिक्षणातला ‘सह’

सहशिक्षण म्हणजे मुलगे आणि मुली एका वर्गात बसून शिकणं. त्या शब्दातून याहून जास्त अर्थ काढू नये, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं दुसरं म्हणणं असं, की हा शब्द ‘को-एज्युकेशन’वरून पाडलेला, शब्द उसना, तेव्हा कल्पनाही उसनी. मला यातलं एकही मान्य नाही.

आधी उसनेपणाचं. शब्द इंग्रजीवरून घडवला, हे खरं. पण भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकात आत्रेयी वाल्मीकींचा आश्रम सोडून दंडकारण्यात येते. का, तर लव-कुशांची बुद्धी एवढी तल्लख, की त्यांच्या बरोबरीनं अभ्यास निभेना. 8व्या शतकातलं हे नाटक. त्यावरून तेव्हा मुली सरसकट शिकत होत्या, असं कुणी सिद्ध करू जाऊ नये. पण एका गुरूपाशी मुलगे आणि बाई एकच पाठ घेतात, यात नाटककाराला काही वावगं वाटलेलं नाही.

आता अर्थ. एका वाड्यात दोन पंगती मांडल्या, पदार्थ तेच वाढले, तरी त्याला कुणी सहभोजन म्हणत नाही. पंगत एक लागते. हा ‘सह’ जेवणात एवढा कडक, तर शिक्षणातच ढिला कसा?

अमेरिकेत, ओहायोच्या ओबर्लिन कॉलेजात 1837 साली चार मुली पदवीच्या वर्गात दाखल झाल्या. सहशिक्षणाचा इतिहास इथून सांगतात. त्याच कॉलेजात मुली सोमवारी मुलग्यांचे कपडे धूत. लूसी स्टोन 1847 मध्ये तिथून पदवीधर झाली. समारंभासाठी भाषण लिहायला तिनं नकार दिला, कारण ते वाचणार होता पुरुष. पुढे तिकडे ‘कोएड’ हे नाम रूढ झालं, ते विद्यार्थिनीसाठी. मुलगा नुसता विद्यार्थी. कॉलेज मिश्र असल्याची खूण तेवढी मुलीच्या कपाळी.

आमची शाळाही सहशिक्षणाचीच. हजेरीपटात आधी सगळे मुलगे, 1 ते 34, मग मुली. माझं नाव ‘अ’वरून, तरी माझा क्रमांक 35. दंगा करणाऱ्या मुलाला शिक्षा ठरलेली: “जा, मुलींच्या बाकावर बस.” तो मान खाली घालून माझ्या शेजारी येऊन बसे आणि वर्ग फिदीफिदी हसे. आपण कुणाची तरी शिक्षा आहोत, हे मला दहाव्या वर्षी त्या बाकावर कळलं.

कर्व्यांनी 1916 साली महिलांसाठी वेगळं विद्यापीठ काढलं, त्याला मी कमी लेखत नाही. तिथे मुलगी निदान पाहुणी नव्हती. पण सहशिक्षण म्हणायचं, तर एकाच गुरूपाशी, एकच पाठ, बरोबरीच्या मानानं, असाच अर्थ धरावा लागेल. आमच्या शाळेला तो शब्द लावण्याआधी हजेरीपट नव्यानं लिहायला हवा होता, सगळ्यांची नावं मिळून, अकारविल्हे.